खडबडीत पट्टा

ओल्या काँक्रीटवर साचे दाबून दगडी फरशीची नक्षी उठवणारा तो कारागीर, डिझायनर मी. बिबवेवाडीत आयटीतली जोडपी बंगले बांधायची, तेव्हा मी कॅटलॉग उघडून बसायचो. तो गुळगुळीत नमुन्यावर तांब्याभर पाणी ओतून, त्यावर पाय कसा घसरतो ते दाखवून एवढंच विचारायचा, “घरात म्हातारं माणूस आहे का हो?” मग जोडपं माझ्याकडे बघायचंही नाही. मी आतून जळायचो.

म्हणून माझ्या अंगणासाठी मी त्याला न विचारताच गुळगुळीत, राखाडी नमुना ठरवला. “आपण म्हणाल तसं,” तो म्हणाला. संध्याकाळी बघतो तर दारापासून नळापर्यंत हातभर रुंद पट्टा त्याने खडबडीत साच्याचा केला होता.

आई रोज त्या पट्ट्यावरूनच जाते. “हे बरं सुचलं तुला,” ती म्हणाली.

“सुचलं खरं,” मी म्हणालो.