बाई जिवंत राहते असा पिक्चर

आई गेल्यावर बाबांनी बोलणं जवळजवळ सोडलं. जेवायला हाक मारली की येत, ताटातलं संपवत आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडत. तेरवी झाल्यावर नातेवाईक आपापल्या गावी गेले. नंदनवन वस्तीतल्या घरात आम्ही दोघंच उरलो. एक दिवस ते हाकेलाही येणार नाहीत, ही एकच भीती मला वाटे.

पिक्चरचं सुचलं ते त्यातून. दोघांनी मिळून पिक्चर पाहायचा ही आई-बाबांची जुनी सवय. नोकरीत असताना बाबा सदर भागातल्या कचेरीतून थेट टॉकीजवर जात आणि आई परस्पर तिथे येई. पुढे घरी टीव्हीवर पाहू लागले. निवडायची आई, नावं ठेवायचे बाबा. आता निवडण्याचं काम मी घेतलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. एखाद्याला एक कादंबरी आवडली की तिच्या जवळची दुसरी काढून देणं मला जमतं. पिक्चरचंही तसंच असेल असं वाटलं.

पहिला मी अंदाजानेच लावला. डोंगरातल्या गावात एक म्हातारा एकटा राहतो, लाकडं फोडतो, कुणाशी बोलत नाही. त्याची बायको वारली आहे हे मला मध्यावर कळलं. बंद करायला हात उचलला, पण बाबा टक लावून पाहत होते. पिक्चर संपला. मग म्हणाले, "हा पिक्चर मले लागला वं."

आमच्याकडे भाजी चांगली झाली की नुसतं 'लागली' म्हणतात. बाबा मूळचे खाप्याकडच्या शेतकरी घरातले. 'आवडली' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. शिवाय कित्येक दिवसांत आपणहून बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं. मला हलकं वाटलं.

मग मी तसलेच शोधू लागले. टीव्हीही मदतीला होता; एक पाहिला की खाली त्याच्यासारख्यांची रांग लावतो. दुपारी खिडक्यांवर पडदे ओढायचे, कूलर सुरू करायचा आणि लावायचा. समुद्राकाठचा विधुर. बायकोच्या साड्या वाटून टाकणारा मास्तर. बाबा हाक न मारता येऊन बसत. जेवण मात्र कमी झालं होतं. मी ते उन्हाळ्यावर ढकललं.

मास्तरांच्या पिक्चरमध्ये साड्यांची पेटी उघडली तेव्हा बाबा टीव्हीकडे पाहतच बोलले.

"काहून वं, तुले बायका मेलेलेच पिक्चर सापडतात का?"

मी म्हटलं, तुम्हीच तर म्हणाला होता, लागला म्हणून.

"मंग? लागलाच ना. गोटा लागते तसा लागला. तू रोज एक मारून राहिली."

मी टीव्ही बंद केला. मग रोज येऊन का बसत होता, असं विचारलं, तर म्हणाले, तू इतकं शोधून लावतेस, उठून कसं जायचं. मग मान खाली घालून त्यांनी विचारलं, "बाई शेवटपर्यंत जिवंत राहते, असा असते का एखादा?"

मी शोधलं. त्यासाठी आधी शेवट वाचले. पुस्तकाच्या बाबतीत हे मी कधी केलेलं नाही. म्हातारं जोडपं असलं की कुणीतरी मरतंच, आणि बहुतेक वेळा तीच. शेवटी एक मिळाला. साधा, जरासा गमतीचा. दोघं भांडतात, मुलाकडे राहायला जातात, कंटाळून परत येतात.

बाबा बसले. सुरुवातीला एकदा हसलेही. पुढे तो म्हातारा चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरतो आणि ती त्याच्यापुढचा कप उचलून मोरीत ओतून टाकते, तिथे त्यांनी चष्मा काढला.

"राहू दे आता," ते म्हणाले. "तू पाह्य."

ते आत गेले. त्यांनी विचारलं तर खरं सांगता यावं म्हणून मी आवाज कमी करून तो शेवटपर्यंत पाहिला. नंतर जेवायला हाक मारली. ते आले नाहीत. मी ताट घेऊन आत गेले.