फळी हलतेय

वॉर्डातल्या सिस्टरला सगळे पाठीमागे पोलीसबाई म्हणायचे आणि तिला ते ठाऊक होतं. मूर्ती एवढीशी, आवाज मात्र जिन्याखालपर्यंत! पण तिच्या वॉर्डात दोन वर्षांत एकही पेशंट पडला नव्हता. त्याचा तिला कोण अभिमान!

अशा वॉर्डात एके सकाळी तिचे वडीलच दाखल झाले. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. छातीत कफ भरलेला, त्यात रक्तदाबाची नवी गोळी. नव्या नर्सने फॉर्म भरायला घेतला.

"चक्कर येते का, बाबा?"

"छे!"

"कधी पडलात का?"

"चाळीस वर्षं बांधकामाच्या परांचीवर काढली. एकदाही नाही!"

झालं! पडण्याचा धोका: कमी.

पोलीसबाईने फॉर्म वाचून कपाळाला हात लावला. "अगं, विचारल्यावर कोण कबूल करतं? चालवून बघायचं असतं." तिने वडिलांना उभं केलं. त्यांनी तीन पावलं झकास टाकली, वळताना मात्र पडदा घट्ट धरला. तिने फॉर्मवरचं 'कमी' खोडून 'जास्त' लिहिलं आणि बापाच्या मनगटावर धोक्याचा पिवळा पट्टा बांधला.

"आता बेल दाबल्याशिवाय उठायचं नाही."

"बाथरूमला जायला पोरीची परवानगी? चार लोकांत माझी शोभा करतेस!" म्हातारा कडाडला.

"बाबा, परांचीच्या फळीवर पाय आपटून बघितल्याशिवाय तुम्ही कुणाला वर चढू दिलंत कधी?"

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवलेही नाहीत. तिचा जीव तुटला. पण बाप रुसला तर समजूत काढता येते. या वयात खुबा मोडला तर तो पुन्हा उभा राहायचा नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

दुपारी सात नंबरची बेल वाजली. ती धावली. वडील कॉटच्या कडेला बसलेले, चेहरा पांढराफटक, अंगठा अजून बेलवरच.

"उठत होतो गं," ते हळूच म्हणाले. "आधी पाय टेकवून बघितला. फळी हलतेय."

रक्तदाब चांगलाच उतरला होता. डॉक्टरांनी गोळी बदलली.

दोन दिवसांनी शेजारचा पेशंट बेल न दाबताच उठायला लागला, तेव्हा सात नंबरवरून अशी आरोळी आली की जिन्याखालचा रखवालदार दचकला. खाण तशी माती, दुसरं काय!

"बस खाली! माझ्या पोरीच्या वॉर्डात कुणी पडत नाही!"