अस्सल सीडी घरी ठेवायची

पुसदच्या बसस्टँडमागे साधना खोब्रागडेचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक टेबल, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि बाहेर पाटी: ‘आपल्या सीडीची कॉपी काढून मिळेल’. यातला ‘आपल्या’ तिने मुद्दाम लाल रंगात लिहून घेतला होता. चोरून सिनेमे छापणाऱ्यांशी तिचं कधी जमलं नाही. ज्याची सीडी त्यालाच कॉपी, आणि वर एक दटावणी फुकट: “प्रवासात कॉपी न्या, अस्सल घरी ठेवा. धुळीचा अन् एसटीच्या दणक्याचा काही भरवसा हाय का?” ट्रकवाले, बदलीवर निघालेले मास्तर, सासरी चाललेल्या पोरी, सगळ्यांना ती हेच ऐकवायची. बाई जरा जास्तच बोलते, असं लोक म्हणत. पण सीडी अडकली की मुकाट्याने तिच्याकडेच येत. आपल्या हाताचा तिला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभायचाही.

२००६ची दिवाळी झाली आणि तांड्यावरची मानीबाई राठोड दुकानात आली. त्या साली कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. वेचणीवर घर चालवणारी माणसं ऊसतोडीला निघाली होती, आणि मानीबाईही मुलगा, सून, नातवंडांसह सहा महिने साखर कारखान्यावर चालली होती. तिथे मुकादमाकडे टीव्ही होता, सीडी प्लेअर होता. तिने पिशवीतून कापसाचा मोठा बोळा काढला आणि बोळ्यातून सीडी.

“पोरीच्या लग्नाची हाय. याची कॉपी दे.”

साधनाने सीडी उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला. चमकती बाजू ओरखड्यांनी भरली होती.

“मावशी, कापसात कायले गुंडाळली?”

“कापसाहून मऊ काय असते?”

जन्मभर कापूस वेचलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! पण तो शेतातून आलेला कापूस होता, सरकीसकट आणि वाळक्या पानाच्या कचऱ्यासकट. वर्षभर त्याने सीडी घासली होती.

मानीबाईला लग्नाचं फार काही नव्हतं. पोरीच्या लग्नानंतर चार महिन्यांत मानीबाईचा नवरा उत्तमसिंग गेला होता. त्याचा फोटो होता, पण आवाज फक्त या सीडीत होता. “पोरगी गळ्यात पडून रडते, तवा बोलते थो,” ती म्हणाली. “तेवढंच पाह्यजे मले.”

साधनाने सीडी लावली, पण कॉम्प्युटर अर्ध्याच्या पुढे गेला आणि अडकला. तिने पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. मानीबाई पडद्याकडे नाही, साधनाच्या तोंडाकडे पाहत होती.

“तोंड पाडू नका, मावशी. छापलेली बाजू खरवडली असती तर मीच हात जोडले असते. हे वरवरचं हाय.”

तिने टूथपेस्ट घेतली, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला आणि मधून काठाकडे सरळ घासायला लागली. गोल फिरवलं की सीडी गेलीच. मग धुतली, पुसली, सावलीत वाळवली आणि सगळ्यात कमी वेगावर लावली. पाऊण तास गेला. कॉम्प्युटर या वेळी थांबला नाही.

कॉपी लावून दोघी पाहत बसल्या. पोरगी बापाच्या गळ्यात पडून ढावलो, सासरी जाताना म्हणायचं बंजारा रडगाणं, म्हणत रडत होती, आणि लाल फेट्यातला उत्तमसिंग कॅमेऱ्यापुढे हात आडवा धरून म्हणत होता, “मले नको घेऊ बावा, पोरीले घे!”

“असाच होता,” मानीबाई हसली. “सदा मांगं सरे.” आणि मग पदर डोळ्यांना लावून ती खूप रडली.

साधनाने दोन कॉप्या पाकिटात घातल्या आणि सवयीने बोलून गेली, “अस्सल मात्र घरी ठेवा.”

“कोन्त्या घरी?” मानीबाई म्हणाली. “पोरगा, सून, नातवं, भांडीकुंडी, सगळं ट्रकात भरलं. घरच तिकडं चाललं, पोरी.”

साधनाने अस्सल सीडी मऊ कापडात गुंडाळून मानीबाईच्या हातात दिली, लावून पाहायला एक कॉपी दिली. दुसऱ्या कॉपीवर ‘उत्तमसिंग राठोड’ लिहून ती आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली.

“उन्हाळ्यात परत आल्या की घेऊन जा, मावशी. तवर काकाजी माह्या घरी राहतीन.”