फौजदार, राखेची रेघ आणि तीन जत्रा

एवढाले मंडप घालतात, कान फाटेस्तोवर भोंगे लावतात, पाहुण्यांना फेटे बांधतात. पण बाईमाणसाला जायला आडोसा कुठं आहे, असं विचारलं की कमिटीचे सगळे पोरगे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. तीन ठिकाणी फिरले, तिन्ही ठिकाणी हेच. तुम्ही घरच्या बाया घेऊन जाणार असाल तर त्यांना घरूनच जाऊन यायला सांगा, आणि वाटेत चहा पाजू नका. हां, आता रामराम.

आम्ही सायखेड्याजवळच्या वस्तीवरचे. मका, कांदा आणि सुनंदाची मेंढरं. सुनंदा माझी सून. माहेराहून दोन मेंढ्या आणल्या होत्या, त्यांचा आता कळप झालाय, आणि राखणीला तिचा फौजदार नावाचा कुत्रा. माझ्या मुलाला, बाळूला, तो कळप नको. त्याला ओझरकडं कारखान्यात लागायचंय. म्हणतो, मेंढरांमागं घरचं एक माणूस अडकून पडतं. ते माणूस तो कधीच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

यंदा जत्रेवाल्या पोरांनी मोबाईलवर परदेशातली कुत्री बघितली आणि इकडं स्पर्धा काढल्या. कुत्र्यानं आपल्याच घरच्या पाच मेंढ्या खुंट्यांमधून हाकत नेऊन लाकडी कुंपणात घालायच्या. मालकानं फक्कीच्या पांढऱ्या रिंगणात उभं राहून नुसता आवाज द्यायचा. बाळू जेवताना म्हणाला, "तीन ठिकाणी ने तुझा फौजदार. एकदा जरी नंबर आला तर कळप राहील. नायतर व्यापाऱ्याला बोलावतो."

सुनंदा "बरं" म्हणाली आणि त्याला भाकरी वाढली.

मला कुणी विचारलं नाही. पण पिकअपमध्ये पुढं म्हातारी बसलेली असली की पोलीस अडवत नाहीत, म्हणून मला घेतलं.

पहिली जत्रा सिन्नरच्या अंगाला. रस्ता बरा आहे, पण गतिरोधकांना रंग नाही. माझ्या पाठीचा एकेक मणका वेगळा झाला. उन्हाच्या आधी पोचा, नंतर पिकअप लावायला जागा मिळत नाही आणि लावलीच तर सावली मिळत नाही. गोडीशेव घ्यायची तर देवळापासून लांबच्या दुकानात घ्या, दारातली शिळी असते.

फौजदार अंगानं दांडगा, तोंडानं काळा. शिट्टी झाली तसा सुटला, पाची मेंढ्या एकत्र केल्या. लोक टाळ्या वाजवायला लागले. मग गड्यानं मेंढ्या कुंपणाकडं न नेता थेट सुनंदाच्या रिंगणात आणल्या, रेघेच्या आत बसवल्या आणि स्वतः रेघेवर आडवा झाला.

त्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं. आमच्याकडं कुंपण नाही. किडामुंगी येऊ नये म्हणून सुनंदा रोज संध्याकाळी मेंढरांभोवती राखेची रेघ ओढते. एखादं मेंढरू रेघेबाहेर गेलं की फौजदार त्याला ढुशी देऊन आत घालतो. त्याला वाटलं, लोकांनी पांढरी रेघ ओढली म्हणजे बसायची वेळ झाली.

भोंग्यावरचा पोरगा म्हणाला, "आजी, तुमच्या कुत्र्याचं झालं काय?"

"त्याचं झालं. तुमचं चालू द्या."

घरी येऊन सुनंदानं राख ओढायची बंद केली, म्हटलं त्याची सवय मोडेल. तर फौजदार संध्याकाळी मोकळ्या जमिनीवर उभा राहून भुंकायचा. मेंढरं सैरभैर, शेजारी शिव्या देतात, माझी झोप गेली. शेवटी मीच चुलीतली राख काढली आणि ओढली रेघ. तो लगेच गप.

दुसरी जत्रा निफाडकडची. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पाहुणे वेळेवर आले नाहीत, आम्ही उन्हात करपलो, आणि फौजदारानं पुन्हा तेच केलं. तिथल्या पंगतीतली लापशी मात्र चांगली होती. पुरुषांची पंगत उठेपर्यंत थांबू नका, सरळ जाऊन बसा. मी बसले. कुणी उठवलं नाही.

परतताना बाळू म्हणाला, "आई, आता तूच सांग हिला."

"काय सांगू? गाडी नीट चालव."

तिसरा शेतकरी मेळावा, दिंडोरीच्या बाजूला. पूल ओलांडून चांदोरी, तिथून ओझर, मग दोन्ही बाजूंना नुसत्या द्राक्षबागा. ओझरला मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर दिवसभर पोट जळतं. सुनंदानं पाव मोडला आणि तसाच ठेवला. मेंढ्यांना ती नावानं हाका मारते, आणि त्या सकाळी तिनं एकीलाही हाक मारली नव्हती.

फौजदारानं मेंढ्या रिंगणात बसवल्या. पंच एका मेंढीला पायाला धरून बाहेर ओढायला आला, तेव्हा यानं असे दात दाखवले की तो फेट्यासकट खुर्चीवर चढला. भोंगा ओरडला, "बाद! बाद!" माणसं पोट धरून हसली. बाळूही हसला. सुनंदानं कुत्र्याला साखळी घातली.

पिकअपपाशी एक बागाईतदार आला. पांढरा शर्ट, पायात चिखलाच्या चपला. विचारलं, "तुमच्या मेंढ्या बिनकुंपणाच्या बसतात का हो?"

बाळू म्हणाला, "बसतात. पण इकतोय आम्ही."

"माझं रिकामं रान हाय, चहूबाजूंनी लोकांच्या बागा. खतासाठी मेंढरं बसवावी म्हणतो, पण लोकांच्या वेलीत शिरतील म्हणून कुणाला येऊ देत नाय. असं कुत्रं असंल तर दर साल पैसे देऊन बोलवीन. आमच्या गावात आणखी चार जण हायत."

"इकतोय म्हटलं ना."

त्यानं सुनंदाकडं बघितलं. सुनंदानं बाळूकडं बघितलं. "बरं" म्हणून दिलेला शब्द ती पाळत होती. मग त्या माणसानं आमचा नंबर घेतला, म्हणाला, भावाशी बोलून फोन करतो.

घरी येऊन दोन दिवस झाले. गुडघे सुजलेत, कानातली धूळ निघत नाही. बघायला जाणाऱ्यांनी सिन्नरकडच्या जत्रेला जावं, बाकीच्या दोन्ही सोडल्या तरी चालतील. मला मेंढरांचा पुळका नाही. घाण वास येतो आणि पावसाळ्यात जास्तच येतो. पण उन्हातान्हात त्यांच्यामागं सुनंदा फिरते, मेंढी विताना रात्र ती जागते, आणि पैज मात्र बाळूनं लावली. स्वतःच्या घामाची नसलेली वस्तू डावावर लावायला काय जातं? मी तिथंच बोलायला हवं होतं, ती भाकरी वाढत होती तेव्हा. आता बोलते.

व्यापाऱ्याचा फोन यायचाय, बागाईतदाराचाही यायचाय, आणि घरात फोन एकच. तो मी बाळूच्या खिशातून काढून सुनंदाच्या हातात दिलाय. कुणाचाही आला तरी तिनं उचलायचा, हो म्हणायचं की नाही ते तिनं सांगायचं. आणि बाळू, वाजला तरी तू जागचा हलायचं नाहीस.