मी झिंगाजीची थट्टा बंद केली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, बायांनो. नंतर हसलात तर मला वाईट वाटेल, आणि वाईट वाटून घ्यायलासुद्धा आता माझ्या अंगात त्राण उरलेलं नाही. एवढी फजिती कुण्या शिकलेल्या बाईची झाली नसेल. न शिकलेल्या बाईची तर नक्कीच झाली नसती. तिनं एवढा विचारच केला नसता!

माझं मूल सात महिन्यांचं आहे, आणि ते रडतं. मुलं रडतातच, हे मलाही ठाऊक आहे. सासूबाई रोज सांगतात. पण आमचं बाळ अमरावतीत रडायला लागलं की अकोल्याला माझ्या माहेरी जागे होऊन दिवा लावत असतील, असं रडतं. झोपेचं नाव नाही. आणि चुकून झोपलंच, तर मी झोपत नाही. का म्हणून काय विचारता? श्वास चालू आहे ना, ते पाहायला नको? मी त्याच्या नाकापुढं बोट धरून बसते. बोट लागून ते जागं होतं. मग रडतं.

माझे वडील अकोल्याला शाळामास्तर. त्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं, आणि कुठल्याही गोष्टीचं कारण शोधून काढायला शिकवलं. मूल झाल्यावर हे शिक्षण फार छळतं.

तर जावळ काढायचं ठरलं. मामाच्या मांडीवर बाळाला बसवायचं आणि न्हाव्यानं वस्तऱ्यानं पहिले केस उतरवायचे. ऐकायला किती सोपं! पण आमचं बाळ कुणाच्या मांडीवर बसेल तर ना? मासा उसळावा तसं उसळतं. आणि डोक्याशी वस्तरा! सगळं घर लाडवांच्या गोष्टी करत होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढं त्या कोवळ्या टाळूवर एक लाल रेघ. त्या काळजीनं झोप उडाली. आधीच उडालेली होती म्हणा, आता ती गावाबाहेर गेली.

त्यात सासूबाईंना वाजंत्री हवेत!

दिवस कसले आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. तिकडं अमेरिकेत कुणाची तरी लढाई पेटली, विलायतेला कापूस मिळेना, आणि इकडं आमच्या वऱ्हाडातला कापूस सोन्याचा झाला. रस्त्यानं रात्रंदिवस कापसाच्या गाड्या. हवेत कापूस, केसांत कापूस, वरणात कापूस. बैलांच्या शिंगांना चांदी चढली. आमच्याही घरी कापसाचीच दलाली. आमचे ‘हे’ पहाटे बाजारात जातात ते दिवेलागणीला अंगभर कापूस चिकटून शेवरीच्या झाडासारखे होऊन परत येतात.

“जावळाला कुणी वाजंत्री लावतं का?” मी भीत भीत विचारलं.

“काहून नाई?” सासूबाई म्हणाल्या. “त्या बाजूच्या दलालानं गाय व्याली तवा वाजंत्री लावले. माहा नातू का वासरापेक्षा कमी हाय वं?”

पण वाजंत्री मिळायला तर हवेत. सगळे ताफे लग्नांत गुंतलेले. शेवटी एक मिळाला, तर कुणी वाटेतून पळवून नेऊ नये म्हणून सासूबाईंनी त्याला आदल्या दिवशी दुपारीच आणून अंगणात निंबाखाली बसवला, आणि फाटकाला आतून कडी घातली.

ताफा तिघांचा. गणबाजी सनईवाला, तो म्होरक्या. इमामभाई ताशावाला. आणि तिसरा झिंगाजी, तो सूरवाला. सूर म्हणजे दिसायला सनईच, पण तिची भोकं मेणानं बुजवलेली. तिच्यातून एकच आवाज निघतो, आणि तो दिवसभर तसाच काढायचा. सनई नाचते, बागडते. सूर आपला “ऊंऽऽऽ” करून खाली अंथरूण घालून देतो. सनईवाला थांबला तरी सूर थांबत नाही. गाल फुगलेले, नाकानं श्वास आत, तोंडानं बाहेर. बाकीचे दोघं पान खातात, गप्पा मारतात, आणि झिंगाजीचं “ऊंऽऽऽ” चालूच.

आणि गप्पा कसल्या, तर त्याच्याच थट्टेच्या!

मी बाळाला घेऊन खिडकीशी उभी होते. गणबाजी सांगत होता, “अबे इमाम, काल झिंगाजीले दुसरा सूर सापडला म्हने.”

“मग?”

“मंग काय! घाबरला, अन् जागच्या जागी ठेवून आला.”

“अरे, ये तो कुछ भी नहीं,” इमामभाई म्हणाला. “याच्या पोट्ट्याले मास्तरनं विचारलं, तुहा बाप काय काम करते? पोट्टा म्हने, फुगते!”

झिंगाजी “ऊंऽऽऽ”.

“मागच्या साली त्या लग्नात मांडवाले आग लागली, आठवते? नवरदेव पळाला, भटजी पळाले, मी सनई घेऊन पळालो. हा बसून! म्हटलं, काहून बे नाई पळाला? तर म्हने, मले थांब म्हनलं कोनी?”

इमामभाई ताशावर लोळायचा बाकी राहिला. तसे तेही दोघं एकमेकांना सोडत नव्हते. इमामभाई गाडीत बसला की बैल उधळतात, कारण त्याला धीमी चाल सोसत नाही. आणि गणबाजी मेला तर तिरडीवरून उठून विचारेल, माह्यापुढं सनई कोन वाजवून राह्यलं? पण दहांतल्या नऊ गोष्टी झिंगाजीच्या. आणि तो बिचारा हसतही नव्हता. डोळे पाणावलेले, मिशा ओल्या, चेहरा कसा खोल दुःखात बुडालेला!

आता कळतं हो, की तोंडात वारा असताना माणूस हसणार कसा. पण तेव्हा मी मनाशी म्हटलं, दिवसभर एकच काम, तेही कुणाच्या लक्षात न येणारं, वर सगळ्यांचे टोमणे! मला त्या माणसात कोण दिसलं, ते तुम्हाला सांगायला नको.

एक चमत्कार मात्र झाला. ते वाजवायला लागले तसं आमचं बाळ गप्प! डोळे मोठे करून ऐकत राहिलं. मी लगेच कारण शोधलं: सनई किती गोड वाजते, म्हणून बाळ गप्प. उद्या सनई वाजत असताना वस्तरा फिरवायचा. झालं! किती दिवसांनी जिवाला बरं वाटलं. आणि माणसाला बरं वाटलं, की दुसऱ्याचं भलं करावंसं वाटतं. तिथंच घात झाला.

संध्याकाळी गणबाजी पाणी मागायला मागच्या दाराशी आला. मी दाराआडून म्हटलं, “गणबाजी, त्या झिंगाजींना असं बोलत जाऊ नका.”

“काहून वैनीबाई?”

आता मनाला लागतं म्हणावं, तर हा हसेल. म्हणून मी शहाणपणा केला. “त्यांची प्रकृती मला ठीक दिसत नाही,” म्हटलं. “चेहरा पाहा कसा झालाय. आतून काही होत असेल. माणसाला जपावं.”

गणबाजीचा चेहरा उतरला. “तुमी शिकल्यासवरल्या,” तो म्हणाला. “तुमाले दिसलं असन. आमी रोज संगं राहून पाह्यलंच नाई.”

मी आणखी शहाणपणा केला. झिंगाजीपुरता वेगळा वाटीभर शिरा पाठवला, भरपूर तूप घालून.

खिडकीतून पाहते तर काय, निंबाखाली कशी गोड शांतता! इमामभाई म्हणतोय, “झिंगाजीभाऊ, इधर टेका, भिंतीले.” गणबाजी स्वतः पाण्याचा तांब्या देतोय. झिंगाजी एकदा याच्याकडे पाहतो, एकदा त्याच्याकडे, एकदा शिऱ्याकडे.

“काय बे,” तो म्हणाला, “कोन मेलं?”

“कोनी नाई भाऊ,” गणबाजी इतक्या मायेनं म्हणाला, की मलाच भरून आलं. “तू खा.”

मी समाधानानं खिडकी लावून घेतली.

सकाळी अंगणात पाट मांडला. माझा दादा अकोल्याहून आला होता. तो मामा म्हणून ऐटीत पाटावर बसला. न्हाव्यानं वस्तरा परजला. बाळाला मांडीवर दिलं, आणि गणबाजीनं सनई तोंडाला लावली.

बाळानं असा टाहो फोडला की निंबावरचे कावळे उडाले!

सनई वाजते आहे आणि बाळ उसळतंय. दादा त्याला धरतोय की ते दादाला, कळेना. न्हावी वस्तरा जवळ नेतो आणि मागं घेतो. “बाई, हे पोट्टं धरा,” तो म्हणाला, “नाईतर केसासंगं कान येईन हातात!”

सनई तर चालू होती. मग काय बिघडलं? आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सनई कालच्यासारखी वाजतच नव्हती. उघडी-बोडकी, नुसती किरकिरत होती. खाली अंथरूणच नव्हतं!

“झिंगाजी कुठाय?” मी दाराआडून ओरडले.

झिंगाजी फाटकाशी बसला होता. सूर फडक्यात बांधलेला, बोचकं मांडीवर, अकोल्याकडं जाणाऱ्या गाडीची वाट पाहत.

“बहिनीकडं चाललो,” तो क्षीण आवाजात म्हणाला. “मरायचंच हाय तर तिच्या दारात मरतो.”

“तुले काय धाड भरली?” सासूबाई कडाडल्या.

“आतून काही झालं हाय मले.”

“कोन म्हनलं?”

गणबाजीनं मान खाली घालून दाराकडं बोट दाखवलं. “वैनीबाईनं पाह्यलं.”

सगळं अंगण माझ्याकडं वळलं. “सूनबाई,” सासूबाई म्हणाल्या, “तू वैद्य कवा झाली वं?”

सगळे झिंगाजीला समजावू लागले. तुला काही झालं नाही, ठणठणीत आहेस. पण तो ऐकेना. “मंग मस्करी काहून बंद केली?” त्यानं विचारलं. “माहा बापही सूरच धरे. जलमभर त्याची मस्करी केली लोकायनं. मराच्या आदल्या दिवशी बंद केली. अन् शिरा दिला.”

इमामभाईनं एक गोष्ट सांगून पाहिली, पण त्याचा आवाज सुतकातला. झिंगाजीनं मान हलवली. “जोर नाई त्यात. दया करून राह्यला तू माह्यावर.” मग माझ्या दाराकडं पाहून म्हणाला, “वैनीबाई म्हनत असन तरच मानीन. त्यायनंच पाह्यलं ना.”

पलीकडं बाळ रडून निळं पडायला आलेलं, वस्तरा उन्हात चमकतोय, दादाच्या धोतराचा एक सोगा बाळाच्या मुठीत. कित्येक रात्रींची झोप माझ्या डोक्यात चढली. दाराआड-बिराआड सगळं विसरून मी उंबऱ्यावर आले आणि ओरडले, “अहो झिंगाजी, त्या लेकराला अजून दात नाहीत, नीट बसता येत नाही, तरी ऐका, तीन सूर लावतंय! तुम्हाला सगळे दात असून एक लावता येतो, आणि तोही बोचक्यात बांधून निघालात?”

सासूबाईंच्या डोक्यावरचा पदर घसरला. मला वाटलं, संपलं. आता मीच अकोल्याच्या गाडीत बसते.

तर झिंगाजीच्या मिशा हलल्या. मग पोट हललं. मग तो असा खदाखदा हसला की बोचकं घरंगळत गेलं. “नाई मरत मी,” तो म्हणाला. “इतकं वंगाळ कोनी मरनाऱ्या मानसाले बोलते?”

त्यानं सूर काढला, गाल फुगवले. “ऊंऽऽऽ”.

बाळाचं रडणं मध्येच थांबलं. एक हुंदका, मग अर्धा, मग नुसते मोठे मोठे डोळे. न्हाव्यानं हळूच पहिली बट उतरवली. रक्त नाही, काही नाही. दुसरी बट. मी उंबऱ्याच्या आत खांबाला पाठ टेकून बसले. म्हटलं, जरा डोळे मिटावेत. अगदी जरासे.

कुणीतरी खांदा हलवला. सासूबाई होत्या. तोंडाला पदर लावलेला, आणि खांदे गदगदा हलताहेत. मी दचकून पाहिलं, “बाळ?”

बाळ दादाच्या मांडीवर चकचकीत डोक्यानं गाढ झोपलेलं. न्हावी पेटी बांधून सुपारी कातरत बसला होता. झिंगाजीचा सूर फडक्यावर ठेवलेला, आणि तो तांब्यानं पाणी पीत होता. सनई कधीच थांबली होती. सगळं अंगण गप्प, आणि सगळे माझ्याकडं पाहत होते.

“वैनीबाई,” गणबाजी अदबीनं म्हणाला, “झिंगाजी कवाचा थांबला. म्हटलं, मंग सूर कोन धरून राह्यलं? पाह्यलं तं आतून येत होता. काय दम हाय तुमचा! कुठं तुटला नाई.”

“अन् पट्टीही माहीच,” झिंगाजी म्हणाला. थोडा रुसल्यासारखाच वाटला मला. आता त्याची थट्टा कोण करणार?

बायांनो, मी घोरत होते. बारा गावच्या पाहुण्यांपुढं, सासरी, उघड्या दारात. आणि माझं बाळ त्यावर झोपलं होतं! म्हणजे सात महिने मी जे बोट धरून जागत बसले, त्याऐवजी मुकाट्यानं झोपले असते, तर तेही झोपलं असतं. एवढं साधं कारण, आणि तेवढंच मला सापडलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात दादा येऊन गेला. म्हणाला, अकोल्यातल्या वाजंत्र्यांत एक नवी गोष्ट निघाली आहे: सूरवाला रुसला तर काय करायचं? अमरावतीच्या वैनीबाईच्या डोक्याखाली उशी द्यायची.

आणि घरात तर विचारूच नका. दुपारी बाळानं सूर काढला की सासूबाई माजघरातून हाक मारतात, “अवं सूनबाई, हातातलं काम ठेव अन् झोप लवकर, लेकरू रडून राह्यलं!”

मी आज्ञाधारकपणे आडवी होते. पण झोप येते का? छे! आपला सूर नीट लागेल की नाही, याच काळजीनं टक्क जागी असते.