लाल घरांच्या खुंट्या

हे सांगणं मी तीस वर्षं टाळलं. पंगतीत किंवा चहाच्या दुकानात मास्तरांचा विषय निघाला की मी हात धुवायला उठायचो. आता चटकन उठताही येत नाही, म्हणून लिहितो.

"येशूला मराठी येतं हो," असं मास्तर म्हणायचे, आणि म्हणताना कानावरची पेन्सिल काढून परत कानावरच ठेवायचे. भिवंडीतल्या ज्या लूमच्या कारखान्यात मी मुकादम होतो, तिथे ते ग्राफच्या कागदावर साड्यांच्या काठांची नक्षी काढत. नगरकडचे ख्रिस्ती. 'ख्रिस्ती' हा शब्द मी आज लिहितोय. तेव्हा आम्ही 'बाटगा' म्हणायचो, त्यांना ऐकू जाईल असं. लूमच्या खडखडाटात त्यासाठी ओरडावं लागायचं. आम्ही ओरडायचो.

नाताळात ते चाळीतल्या खोलीबाहेर एकतारी आणि चिपळ्या घेऊन बसत आणि येशूजन्माच्या, स्वतः रचलेल्या ओव्या म्हणत. एकदा मी मुद्दाम चार जणांना घेऊन गेलो.

"काय मास्तर, देव विलायती आणि चिपळ्या आमच्या?"

"देव सुताराच्या घरचा आहे, मुकादम. चिपळ्याही सुतारानंच केल्यात."

माणसं हसली. मलाच हसली. ते मी मनात ठेवलं.

रविवारी प्रार्थना आटोपली की ते वही घेऊन जवळच्या लोनाड गावी जायचे आणि तिथल्या जुन्या देवळाच्या दगडांवर कोरलेली फुलं वहीत उतरवून आणायचे. तुमचं काय काम तिथे, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कोरणाऱ्याचा हात बघायला जातो. असा हात ज्यानं घडवला, तो देव मला परका कसा वाटेल?" मला ते आगाऊपणाचं वाटलं. आमच्या देवळाबद्दल यांनी का बोलावं?

त्यातलंच आठ पाकळ्यांचं एक फूल त्यांनी काठासाठी काढलं. आमचे सेठ कोकणी मुसलमान, कमी बोलणारे. कागद उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मुकादम, सात नंबरच्या लूमवर हाच काठ चढवा." त्याआधी दहा वर्षं काठ मी ठरवत होतो. त्या दिवसापासून मला कोणी विचारेना.

नक्षी लूमवर चढवायची तर लाकडी पट्ट्यांच्या भोकांत खुंट्या बसवाव्या लागतात. जिथे खुंटी, तिथे दोरा उचलला जातो. मला सोपं पडावं म्हणून मास्तरांनी कागदावर उभ्या-आडव्या पाकळ्यांची घरं निळ्या पेन्सिलीनं भरली होती आणि तिरक्या पाकळ्यांची लाल. मी निळ्या घरांच्या खुंट्या बसवल्या आणि लाइट गेली. चहाला गेलो. लाइट आल्याचा गलका झाला तसा धावत येऊन आधी लूमचं बटण दाबलं. भिवंडीत लाइट आल्यावर कोणी विचार करत बसत नाही. लाल घरांच्या खुंट्या राहून गेल्या. कापड उलट्या बाजूनं विणलं जाऊन गुंडाळत गेलं, कोणाच्या लक्षात आलं नाही.

महिन्याभरानं शहापूरच्या व्यापाऱ्यानं गठ्ठे परत पाठवले. निरोप होता, पाद्र्याचं लुगडं बाया घेत नाहीत. सेठनी एक साडी उलगडली. काठावर ओळीनं क्रूस. तिरक्या पाकळ्या नव्हत्याच.

मला त्याच क्षणी कळलं. तो कागद अजून माझ्याच खिशात होता.

"हे काय झालं, मुकादम?"

"कागदावर होतं तसंच चढवलं, सेठ. काढणारा कोण आहे ते बघा."

"कागद कुठे आहे?"

"मास्तरांनी परत नेला."

तासाभरानं तो मी चहावाल्याच्या शेगडीत घातला.

चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतरची वर्षं होती ती. शहराला कुठलंही निमित्त पुरायचं. शेलार गावाहून माझेच भाऊबंद आले. "आमच्या बायांच्या अंगावर क्रूस घालतो का रं तू?" म्हणत त्यांनी मास्तरांच्या दारावरच्या क्रूसाला डांबर फासलं. मी मागे उभा होतो. आज हे वाचणाऱ्यांपैकीही काही जण तिथे होते. चेहरे लक्षात आहेत माझ्या.

मास्तर दारात उभे राहिले. त्यांच्या मागे त्यांची बायको. "मला क्रूस काढायचा असता तर लपवून कशाला काढला असता?" ते म्हणाले. "हा काय, दारावर होता. आत्ता पुसलात तो."

सेठनी दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावलं. "मास्तर, मला या शहरात धंदा करायचाय. समजून घ्या." चाळमालकानंही खोली सोडायला सांगितलं.

पेन्सिली न्यायला ते कारखान्यात आले. सात नंबर बंद ठेवला होता. त्याच्यापाशी थांबले, पट्ट्यांवरून बोट फिरवत मोजत गेले आणि मध्येच बोट थांबलं. मग माझ्याकडे आले, कानाला तोंड लावून म्हणाले, "मुकादम, लाल घरं राहिलीत. बसवून घ्या. ताण्याचं सूत अजून पुष्कळ आहे."

बाकीच्या लूमच्या आवाजात दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नाही. शेजारच्या कारागिरानं विचारलं, "क्या बोला मास्टर?"

"कुछ नहीं. जा रहा है, बोला."

त्यांनी सेठना का सांगितलं नाही, हे मला आजही कळत नाही. कधी कधी त्यांचाच राग येतो. माझं तोंड उघडण्याचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं आणि निघून गेले.

नव्वदीचं दशक संपता संपता मी नगरकडच्या त्यांच्या गावी गेलो. मास्तर वर्षापूर्वी वारले होते. ओट्यावर त्यांची बायको धान्य निवडत होती. तिनं मला ओळखलं नाही. भिवंडीला बरोबर कामाला होतो, एवढंच मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"दादा, मग तुम्हाला ठाऊक असंल. त्यांनी क्रूस काढला हुता का? मला म्हणायचे, न्हाई काढला. पण इतकी माणसं दारात आली, आणि इकडं चर्चच्या मंडळीतले लोक तर म्हणायचे, काढलाच असंल, चांगलं केलं. मी एकदा विचारलं, मग परत विचारलं न्हाई. शेवटपर्यंत त्यांना वाटत राह्यलं, मला खरं वाटलं न्हाई म्हणून. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "बाई, मी दुसऱ्या खात्यात होतो. मला कल्पना नाही."

तिनं चहा केला. मी प्यालो आणि मिळाली ती एसटी धरून परत आलो.

बाई, त्यांनी फूल काढलं होतं. खुंट्या मी विसरलो, कागद मी जाळला, नाव त्यांचं घेतलं. ते तुमच्याशी खरं बोलत होते. मला माफ करा. एवढंच त्या ओट्यावर बोलायचं होतं.