इंदाचा उलटा नाच

माझी धाकटी जाऊ इंद्रायणी उलटी नाचायची. उलटी म्हणजे डोक्यावर नव्हे. अंगणवाडीतल्या पोरांसमोर तोंड करून उभी राहायची, आणि पोरांनी उजवा हात वर करायला हवा असला की स्वतः डावा करायची. त्यांनी डावीकडे सरकायचं तर ती उजवीकडे सरकायची. तीन-चार वर्षांच्या पोराला उजवं-डावं कळत नाही, त्याला समोरचं माणूस कळतं, असं तिचं म्हणणं. उमेदीची सगळी वर्षं असे नाच बसवण्यात गेल्यामुळे लग्नाच्या वरातीत बायका नाचायला लागल्या की हिचा हात नेमका सगळ्यांच्या विरुद्ध जायचा. मी चिडवायचे, "इंदे, वरातीत तरी सरळ नाच." त्यावर ती हसायची आणि पुन्हा चुकायची.

तिचं माहेर बोरी बुद्रुक. आमचा मळा, म्हणजे शेतातली वस्ती, महाळुंगे पडवळच्या अंगाला. लग्न होऊन आली, चार-पाच वर्षांत मळ्यातल्या अंगणवाडीची बाई झाली, ती आजतागायत. दोन खोल्या, वर पत्रा, तिन्ही बाजूंनी ऊस. सुरुवातीला मला तिच्या नाचाचं काही कौतुक नव्हतं. पोरांनी यावं, खिचडी खावी, चार अक्षरं बघावीत, नाच कशाला, असं मी तोंडावर म्हणायचे. मी कुणाला काही मनात ठेवून बोलत नाही.

एकदा तिनं मला बसवून सांगितलं. "अक्का, बिबट्याच्या भ्यानं कुणी पोरं भाईर सोडत न्हाई. दिसभर कॉटवर बसून मोबाईल. एका पायावर उभं राहा म्हणलं तर पडत्यात. त्यांला आपलं अंगच ठावं न्हाई. नाचलं की कळतं, हे हात माझे, हे पाय माझे. मग पोर भीत न्हाई."

मला हे पटलं ते एका पोरीमुळे. तिच्या घरी रोज भांडणं. पोर भिंतीला पाठ लावून उभी राहायची ती जागची हलायची नाही. इंदा तिला ओढायला गेली नाही, रागावली नाही, फक्त तिच्यासमोर थोडी जास्त वेळ नाचायची. दिवाळीच्या आसपास एक दिवस गाणं चालू असताना त्या पोरीचं एक बोट हललं. एकच. संध्याकाळी चहा पिताना इंदानं ते बोट मला हलवून दाखवलं आणि डोळ्याला पदर लावला. पुढं नाच संपला तरी ती पोरगी ओढून बाहेर काढावी लागायची.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग असतं. पहिला नाच अंगणवाडीचा, हा रिवाजच पडून गेलेला. गाणंही इंदाचंच. बाजरीच्या शेतात चिमण्या उतरतात, राखणदार हाकलतो, त्या पुन्हा येतात, एवढाच खेळ.

*या गं सयांनो, बाजरी भरली,*
*दोन्ही पंखांनी उडा गं उडा.*

पोरं स्टेजवर, आणि इंदा खाली, स्टेजच्या पायथ्याशी, लोकांकडे पाठ करून. ती खाली नाचायची, पोरं तिच्याकडे बघून वर नाचायची. आम्ही दरवर्षी तिची पाठच बघितली. मोबाईलवरचे नाच लावून पोरांना त्यापुढं उभं करणारे पुष्कळ आहेत, पण पोरांची नजर एकाच माणसावर अशी खिळलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

गेल्या श्रावणात तिच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी गोठ्यात दुधाची बादली उचलली ती उचललीच गेली नाही. मंचरला दवाखान्यात नेलं, जीव वाचला. घरी आली तेव्हा डावा हात कोपरात मुडपून छातीशी धरलेला आणि डावा पाय ओढत. अंगणातल्या मातीत त्या पायाची रेघ उमटायची. गोरख, तिचा नवरा, ओझरला विघ्नहरापुढं नारळ ठेवून आला आणि तेव्हापासून एकच बोलणं धरून बसला, "आता तू पयल्यासारखीच चालतीस." त्याची बायको, त्याची माया, त्याला कोण काय म्हणणार? हळूहळू सगळं घर तेच म्हणायला लागलं. मीसुद्धा. आपलं चालणं आपल्याला दिसत नाही. आमच्या घरात आरसा एकच, बेसिनवरचा, त्यात तोंडापुरतं दिसतं. ती विश्वास ठेवून राहिली.

दिवाळीनंतर ती कामावर गेली, काठी नुसती आधाराला. जड उचलाउचल मदतनीस लंकाबाई करायची. गॅदरिंग जवळ आलं तशा शाळेतल्या वृषाली मॅडम घरी आल्या. तरुण, गुणाची पोरगी. म्हणाल्या, "बाई, यंदा तुम्ही आराम करा, नाच मी बसवते." इंदानं मान हलवून नाही म्हटलं. त्या गेल्यावर माझ्याजवळ बसली. तोंड अजून जरा वाकडं, शब्द सावकाश यायचे.

"अक्का, एवढं एक मला करू द्या. हे जमलं तर मी हाय. न्हाईतर मग नुसती बसून भाकर खायाची."

मी म्हटलं, "कर की. तुला कोण आडवतंय?"

महिनाभर तालीम चालली. इंदा दार लावून घ्यायची, आयांनी खिडकीत गर्दी केली की पोरांचं लक्ष जातं म्हणून. लंकाबाई आत खिचडीच्या नादात. माझी नात आरोही यंदा चिमण्यांत होती. त्याच दिवसांत मला दिसायला लागलं की पोरगी अंगणात चालताना मध्येच उजवा पाय ओढते. काटा मोडला असेल म्हणून मी तिला मांडीवर घेतलं, तळवा उन्हात धरून बघितला, सुईनं टोकरूनही बघितलं. काही नव्हतं. "नीट चाल की गं," म्हणून एक चापट दिली. ती म्हणाली, "नीटच चालते." मी ते पुढं विसरूनही गेले, कारण कांद्याची लागण चालू होती आणि घरात बायका कामाला होत्या.

गॅदरिंगला सगळा मळा लोटला होता. दिवस मावळायला आला होता, लाइट लागले होते. इंदानं नवं लुगडं नेसलं होतं, हातातली काठी माझ्याकडे दिली आणि स्टेजच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. पडदा वर गेला. खाकी कागदाचे पंख लावलेल्या चिमण्या आल्या.

आल्या त्या लंगडत आल्या. एकूण एक. प्रत्येकीचा डावा पंख हवेत फडफडत होता आणि उजवा छातीशी मुडपलेला. उजवा पाय मागून ओढत, तोंड किंचित एका बाजूला करून, मन लावून, अगदी तालात. कुणाचं काही चुकत नव्हतं. आणि खाली इंदा नाचत होती, तशीच, आरशातली.

लोक हसले. वाईट मनानं नाही. कुणीतरी म्हणालं, "राखणदारानं लई जोरात गोफण मारली राव." पोरं हसू ऐकून फुलली, आणखी जोरात पाय ओढायला लागली. इंदालाही वाटलं, लोकांना आवडतंय. तिच्या पाठीवरून मला ते कळलं. मग एकेकाची नजर वरच्या पोरांवरून खाली तिच्यावर गेली. मांडवातलं हसू हळूहळू विरत गेलं, आणि नुसतं गाणं वाजत राहिलं.

त्या शांततेमुळेच तिनं पोरांकडे नीट बघितलं असावं; तालमीत तिचं सारं लक्ष स्वतःचा तोल सांभाळण्यात जात असणार. "दोन्ही पंख," ती म्हणाली. पोरांनी मुडपलेला हात आणखी घट्ट छातीशी धरला. "दोन्ही, दोन्ही," म्हणत तिनं स्वतःचा डावा हात वर करायला बघितलं. तो कोपरापाशी थोडा थरथरला. वर सगळ्या चिमण्यांनी आपापली कोपरं थरथरवली.

ती थांबली. ती थांबल्याबरोबर पोरंही थांबली, आणि पंख लावलेली सगळी रांग तिच्याकडे बघत उभी राहिली, आता काय करायचं म्हणून. वृषाली मॅडमनी धावत जाऊन पडदा पाडला. मी काठी घेऊन पुढं गेले. तिनं काठी धरली, पण पाय उचलेना. माझ्याकडे बघून म्हणाली, "लोकं बघत्यात. मला चालवंना." आयुष्यात मी एवढी कधी मोडले नव्हते.

घरी आल्यावर ती ओट्यावर बसली. "अक्का, मी अशी चालते?"

माझ्या तोंडाला कुलूप नाही असं सगळा मळा म्हणतो. त्या वेळी मी नुसती तिची काठी भिंतीला लावून ठेवली. गोरखच म्हणाला, "पोरं हायेत ती, चुकत्यात. तू नको मनाला लावून घेऊ."

"पोरं चुकली न्हाईत," इंदा म्हणाली. "पोरांनी मला हाय तशी बघितली. तुमी कुणी बघितली न्हाई."

गोरख उठून गोठ्यात गेला. मला त्याचा राग आला, माझा आला, देवाचाही आला. आमची माया म्हणजे काय तर तिच्याकडे बघायचं टाळणं. तेवढ्यात आरोही ताट घेऊन आतून आली, तशीच पाय ओढत, पंख अजून पाठीला. मी ओरडले, "सरळ चाल." पोर दचकली.

"तिला बोलू नका," इंदा म्हणाली. तिनं आरोहीला जवळ घेतलं, चांगल्या हातानं पंख सोडवले. "बाळा, आता माझ्याकडं बघायचं न्हाई. आजीच्या पायाकडं बघ. अक्का, जरा चाला तुमी."

मी अंगणात चालले. हे गुडघे, ही फेंगडी चाल, आणि मागून पोर माझ्या टाचा बघत. इंदा ओट्यावरून सांगत होती, "आता दुसरा पाय. उचल. शाब्बास." आवाज तिचा नेहमीचा होता, अंगणवाडीतला. डोळे गळत होते, ते पुसायला तिनं हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी काही आया भांडायला आल्या, पोरांना लंगडं केलं म्हणून. मी त्यांना वाटेतूनच परत पाठवलं, कसं ते लिहीत नाही. इंदानं वृषाली मॅडमला रोज थोडा वेळ यायची विनंती केली. आता मॅडम पुढं उभ्या राहून नाच घेतात आणि इंदा पोरांच्या मागं, भिंतीकडेला खुर्चीवर बसते. पहिल्या दिवशी पोरं सारखी मागं वळून तिच्याकडे बघत होती. ती बोटानं खुणावायची, पुढं बघा.

पोरांना शिकायला वेळ लागत नाही आणि विसरायलाही. आठ-दहा दिवसांत सगळी सरळ चालायला लागली, दोन्ही पंखांनी नाचायला लागली. आया खूश झाल्या. आरोही तर अंगणभर उड्या मारते. लंगडणारी आता इंदा एकटीच राहिली आहे, आणि ते तिला माहीत आहे.